ओळीओळीला तीच जावास्क्रिप्ट : ती कमी कशी कराल?

एखाद्या पतसंस्थेच्या सभासदांची यादी घ्या. पाचशे ओळी आणि प्रत्येक ओळीत ‘पाहा’, ‘बदला’, ‘काढा’ अशी तीन बटणं. सर्व्हरवर पीएचपी, जँगो किंवा जेएसपीचा लूप फिरतो आणि प्रत्येक बटणाच्या टॅगमध्ये ‘ऑनक्लिक’ घालून तोच कोड छापत जातो. बदलतो तो फक्त सभासद क्रमांक. पान चालतं, म्हणून वर्षानुवर्षं तिकडे कुणी बघत नाही. मग कधीतरी सुरक्षा तपासणीत शेरा येतो, ‘इनलाइन स्क्रिप्ट काढून टाका’, आणि धावपळ सुरू होते.

या बाबतीत वाचकांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. जीझिप चालू असताना या पुनरावृत्तीने खरंच काही बिघडतं का? कोड वेगळ्या फाईलमध्ये हलवल्यावर निम्मी बटणं मुकी का झाली? आणि यासाठी सगळं संकेतस्थळ रिॲक्टमध्ये नव्याने लिहायचं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो : नाही. सर्व्हरवर पान तयार करण्याची पद्धत चांगलीच आहे. ती तशीच ठेवून हे काम होतं.

आधी पानात काय आहे ते पाहा

ब्राउझरमध्ये पान उघडा, कंट्रोल आणि यू दाबून सोर्स काढा आणि त्यात आधी ‘ऑनक्लिक’, मग ‘स्क्रिप्ट’ शोधा. किती वेळा सापडलं, तो आकडा लिहून ठेवा. मग डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये पानाचे दोन आकार बघा : वायरवरून आलेला आणि उलगडल्यानंतरचा.

वरच्या यादीचा हिशेब सोपा आहे. 1,500 बटणं, प्रत्येकी साधारण 120 बाइटचा कोड धरला तर 1,80,000 बाइट, म्हणजे पावणेदोनशे केबीच्या आसपास. यात जीझिप मात्र फार मोठी मदत करतं. मागच्या 32 केबीत तोच मजकूर येऊन गेला असेल तर ते तो पुन्हा न पाठवता फक्त खूण पाठवतं. त्यामुळे वायरवर हे पावणेदोनशे केबी अगदी थोडे उरतात. ‘पान जड होतं म्हणून इनलाइन कोड काढा’ असं कुणी सांगितलं, तर ते अर्धंच खरं आहे.

उरलेला अर्धा भाग ब्राउझरच्या बाजूला आहे. उलगडलेलं सगळं एचटीएमएल त्याला वाचावंच लागतं, आणि इथे दोन प्रकारांत फरक करा :

- टॅगमधलं ऑनक्लिक : ब्राउझर हा मजकूर नुसता जपून ठेवतो. बटण पहिल्यांदा दाबलं जातं तेव्हाच त्याचं फंक्शन तयार होतं. वेगाच्या दृष्टीने हा त्यातल्या त्यात गरीब प्रकार.
- लूपच्या आत छापलेला स्क्रिप्ट टॅग : हा तिथल्या तिथे चालतो आणि तो संपेपर्यंत पुढचं पान वाचणं थांबतं. पाचशे ओळी, पाचशे थांबे.

दुसरा प्रकार तुमच्या पानात असेल तर सुरुवात तिथूनच करा.

खरं दुखणं वजनाचं नाही

समजा, ‘काढा’ बटणाच्या कोडमध्ये क्रमांकाबरोबर सभासदाचं नावही एकेरी अवतरणात छापलं आहे, म्हणजे ‘अमुक यांना काढायचं का?’ असं विचारता यावं. वसईची किंवा गोव्याची यादी असेल तर त्यात रोमन लिपीतले डिसूझा, डिमेलो, डिसिल्व्हा असणारच, आणि ती आडनावं ‘डी’ नंतर अपॉस्ट्रॉफी देऊन लिहिली जातात. जावास्क्रिप्टच्या दृष्टीने ती अपॉस्ट्रॉफी म्हणजे अवतरण संपल्याची खूण. पुढचं ‘सूझा’ जावास्क्रिप्टला कळत नाही, सिंटॅक्स एरर येते आणि बटण मुकं होतं. तेही सगळ्यांचं नाही, फक्त डिसूझांचं. तुमच्या टेस्ट डेटातले सगळे पाटील आणि जोशी असल्यामुळे हे तुम्हाला कधीच दिसलेलं नसतं.

यावर बहुतेक जण नाव एचटीएमएल एस्केप करून छापतात. अपॉस्ट्रॉफीच्या जागी तिचा एंटिटी कोड येतो, सोर्समध्ये सगळं नीट दिसतं, पण बटण तरीही मुकंच! कारण ॲट्रिब्यूट वाचताना ब्राउझर तो एंटिटी कोड पुन्हा अपॉस्ट्रॉफीत बदलतो आणि मगच मजकूर जावास्क्रिप्टकडे देतो. म्हणजे एकाच जागी दोन भाषांचे नियम लागू होतात आणि तुम्ही एकाच भाषेचं एस्केपिंग केलेलं असतं. अपॉस्ट्रॉफीपुढे कुणी मुद्दाम कोड लिहून तेच नाव म्हणून नोंदवलं, तर तो कोड यादी उघडून बटण दाबणाऱ्या कर्मचाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या लॉगिनने चालतो. एक्सएसएस म्हणतात ते हेच.

हे रोखण्यासाठी ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ हा हेडर असतो. ‘फक्त माझ्या सर्व्हरवरच्या फाईलमधलीच स्क्रिप्ट चालव’ असं त्यात सांगता येतं. पण तो लावला की पानातला सगळा इनलाइन कोड बंद पडतो. मग घाईघाईत ‘अनसेफ-इनलाइन’ ही सवलत दिली जाते आणि हेडर नावापुरता उरतो. ‘नॉन्स’ (एकदाच वापरायचा सांकेतिक शब्द) देऊन सुटका होईल असं अनेकांना वाटतं. नॉन्स स्क्रिप्ट टॅगला लावता येतो. टॅगमधल्या ऑनक्लिकला तो लागू होत नाही. शिवाय तो दर प्रतिसादाला नवा लागतो, त्यामुळे तयार पान कॅशमध्ये ठेवून सगळ्यांना तेच देत असाल तर तिथेही अडचण येते.

पायरी पहिली : ओळीत फक्त माहिती ठेवा

1,500 बटणांमध्ये बदलतं काय? कृती आणि क्रमांक. मग टॅगमध्ये तेवढंच ठेवा. ऑनक्लिक पूर्ण काढा आणि ‘डेटा’ने सुरू होणारी दोन ॲट्रिब्यूट घाला : एकात कृतीचं नाव, दुसऱ्यात सभासद क्रमांक. नाव तर छापूच नका. ते त्याच ओळीच्या रकान्यात आधीच आहे, गरज पडेल तेव्हा तिथून वाचता येतं. छापावंच लागलं, तर आता नेहमीचं एचटीएमएल एस्केपिंग पुरतं, कारण तो मजकूर कोड म्हणून कुणी चालवत नाही. ॲट्रिब्यूटची किंमत मात्र अवतरणातच हवी.

इथे अडखळायच्या जागा :

- डेटा ॲट्रिब्यूटमधून जे येतं ते नेहमी मजकूर असतं. 10 मध्ये 1 मिळवायला जाल तर 101 मिळेल. आधी अंकात बदला.
- ॲट्रिब्यूटच्या नावात संयोगचिन्ह असेल, तर ‘डेटासेट’मधून वाचताना ते गळतं आणि पुढचं अक्षर मोठं होतं. ‘अनडिफाइन्ड’ येत असेल तर आधी हे तपासा.
- क्रमांक पानात उघडा दिसतो आणि कुणीही तो बदलू शकतो. हे ऑनक्लिकमध्येही होतंच. या माणसाला हा सभासद काढायचा अधिकार आहे का, हे सर्व्हरनेच तपासायचं.
- प्रत्येक ओळीत वेगळा फॉर्म आणि त्यात सीएसआरएफ टोकनचं लपवलेलं फील्ड असेल, तर तेही पाचशे वेळा छापलं जातं. जावास्क्रिप्टने विनंती पाठवणार असाल तर टोकन पानाच्या डोक्यात एका मेटा टॅगमध्ये एकदाच ठेवा आणि हेडरमधून पाठवा.

पायरी दुसरी : सगळ्या बटणांना मिळून एकच लिसनर

पंगतीत प्रत्येक पानामागे वेगळा वाढपी उभा करत नाहीत. तसंच इथे. क्लिक बटणावर होतो आणि तिथून वर चढत रकाना, ओळ, टेबल असा जातो. म्हणून टेबलवर एकच क्लिक लिसनर लावा आणि क्लिक नेमका कुठून आला ते त्यात विचारा. याला इव्हेंट डेलिगेशन म्हणतात.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘इव्हेंट टार्गेट’ म्हणजे बटणच असेल असं धरून चालू नका. बटणात कचरापेटीचं चित्र असेल आणि बोट त्या चित्रावर पडलं, तर टार्गेट ते चित्र असतं. म्हणून टार्गेटवर ‘क्लोजेस्ट’ चालवून, कृतीचं ॲट्रिब्यूट असलेला जवळचा पूर्वज शोधा. रिकाम्या रकान्यावर क्लिक झाला असेल तर ‘नल’ येईल. तेव्हा तिथूनच परत फिरा. बटण सापडलं की कृतीचं नाव घ्या आणि तुम्ही स्वतः लिहिलेल्या ठरावीक यादीतून तिचं फंक्शन निवडा. ॲट्रिब्यूटमध्ये जे नाव असेल ते ग्लोबल फंक्शन चालवायचं, हा शॉर्टकट घेऊ नका. त्याने एक्सएसएसची मागची खिडकी पुन्हा उघडते.

यात एक मोठा फायदा आयता मिळतो. ‘आणखी दाखवा’ दाबल्यावर नव्या ओळी आल्या, तर त्यांना वेगळं काही लावावं लागत नाही. लिसनर टेबलवर आहे, तो नव्या ओळींनाही लागू होतो.

बटणं मुकी का होतात

कोड हलवताना सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

*‘रिटर्न फॉल्स’.* जुन्या ऑनक्लिकमध्ये शेवटी ‘रिटर्न फॉल्स’ लिहिलं की लिंक उघडत नसे, फॉर्म जात नसे. ‘ॲडइव्हेंटलिसनर’ने लावलेल्या फंक्शनमध्ये त्याचा काहीही परिणाम होत नाही. तिथे ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ स्पष्ट बोलवावं लागतं. ‘नक्की काढायचं का’ला ‘नाही’ म्हटलं तरी नोंद गेली, अशी तक्रार आली की संशयित हाच.

*‘धिस’ कोण?* टॅगमधल्या ऑनक्लिकमध्ये ‘धिस’ म्हणजे ते बटण. टेबलवरच्या लिसनरमध्ये ‘धिस’ म्हणजे टेबल, आणि ॲरो फंक्शन असेल तर तेही नाही. जुन्या कोडमधलं प्रत्येक ‘धिस’ हाताने तपासा.

*फंक्शन सापडत नाही.* फाईल ‘मॉड्यूल’ प्रकारची केली की तिच्यातली फंक्शनं ग्लोबल राहत नाहीत. कुठे एखादं ऑनक्लिक काढायचं राहून गेलं असेल, तर ते ‘फंक्शन डिफाइन केलेलं नाही’ म्हणून रडतं. तिथे पुन्हा ग्लोबल करू नका. ते ऑनक्लिकच काढा.

*वर न चढणारे इव्हेंट.* ‘फोकस’ आणि ‘ब्लर’ वर चढत नाहीत. त्यांच्याऐवजी ‘फोकसइन’ आणि ‘फोकसआउट’ वापरा. ‘माउसएंटर’चंही तेच, तिथे ‘माउसओव्हर’ घ्या. आणि मध्येच एखादं जुनं प्लगइन ‘स्टॉपप्रोपगेशन’ करत असेल तर क्लिक टेबलपर्यंत पोचतच नाही.

*खोटी बटणं.* डिव्हला ऑनक्लिक लावून केलेली बटणं या निमित्ताने खरी करून टाका. खरं बटण एंटर आणि स्पेसलाही प्रतिसाद देतं, डिव्ह देत नाही. बटण फॉर्मच्या आत असेल तर त्याचा टाइप ‘बटण’ असा लिहा, नाहीतर ते फॉर्म पाठवतं.

पायरी तिसरी : कोड फाईलमध्ये, फाईल कॅशमध्ये

आता कोड एका वेगळ्या फाईलमध्ये जाईल. पानात तिचा उल्लेख ‘डिफर’ लावून करा. पान वाचून होईपर्यंत ती चालत नाही आणि अशा अनेक फाईली असतील तर त्या लिहिलेल्या क्रमानेच चालतात. ‘असिंक’मध्ये हा क्रम राहत नाही, एकमेकींवर अवलंबून असलेल्या फाईलींना ते लावू नका. जेक्वेरीला डिफर लावलं आणि खाली जेक्वेरी वापरणारा इनलाइन तुकडा तसाच राहिला, तर ‘डॉलर डिफाइन केलेला नाही’ ही एरर ठरलेली. त्या तुकड्याला डिफर लावून उपयोग नाही. साध्या इनलाइन स्क्रिप्टवर डिफर चालत नाही.

फाईलच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेला हॅश घाला आणि कॅश-कंट्रोलमध्ये मुदत 31536000 सेकंद, म्हणजे एक वर्ष, ठेवा. कोड बदलला की नाव बदलेल आणि ब्राउझर नवी फाईल आणेल. हा हॅश न घालता वर्षाची मुदत दिलीत, तर ‘आमच्याकडे जुनंच दिसतंय’चे फोन घेत बसाल.

एनजिनेक्स वापरत असाल तर एक गोष्ट आवर्जून बघा. त्यात जीझिप मुळात बंद असतं, आणि चालू केलं तरी वेगळं सांगितल्याशिवाय फक्त एचटीएमएलच दाबलं जातं. म्हणजे इनलाइन असताना दाबला जाणारा कोड फाईलमध्ये गेल्यावर न दाबता जाऊ लागतो. ‘जीझिप टाइप्स’मध्ये जावास्क्रिप्टचा प्रकार लिहा.

तुकडा एकदाच छापला जावा म्हणून

यादीच्या पलीकडे आणखी एक प्रकार आढळतो. तारीख निवडायचा किंवा फोटो सरकवायचा एक छोटा टेम्प्लेट असतो, त्याच्या पोटात स्क्रिप्ट असते, आणि तो पानावर आठ ठिकाणी वापरला की स्क्रिप्टही आठ वेळा येते. बहुतेक फ्रेमवर्कमध्ये याची सोय आधीपासून आहे :

- वर्डप्रेस : शॉर्टकोडमधून स्क्रिप्ट टॅग छापू नका. ‘डब्ल्यूपी एनक्यू स्क्रिप्ट’ला नाव देऊन सांगा, तेच नाव कितीदाही आलं तरी फाईल एकदाच लागते.
- लारावेल : ब्लेडमध्ये ‘वन्स’ आणि ‘पुश’ ही डिरेक्टिव्ह आहेत.
- जँगो : फॉर्म आणि विजेट यांच्या ‘मीडिया’ वर्गात फाईल नोंदवा, एकत्र करताना दुहेरी नोंदी गळतात.
- जुनं एएसपी डॉट नेट : वेब फॉर्म्समध्ये स्क्रिप्ट किल्लीसह रजिस्टर करता येते, तीच किल्ली दुसऱ्यांदा आली तर ती पुन्हा छापली जात नाही.

असे तुकडे आयडीवर अवलंबून असतात, आणि आठ तुकडे म्हणजे तोच आयडी आठदा. पहिलंच कॅलेंडर उघडतं आणि बाकीची उघडत नाहीत, त्याचं कारण हे. आयडीऐवजी क्लास किंवा डेटा ॲट्रिब्यूट घ्या.

माहितीचा मोठा गठ्ठा पानात न्यायचा असेल तर

आलेखासाठी आकडे, तालुक्यांची यादी असं काही पानासोबत पाठवायचं असतं. त्यासाठी प्रकार ‘ॲप्लिकेशन जेसन’ असलेला एक स्क्रिप्ट टॅग ठेवा. ब्राउझर तो चालवत नाही. तुमची फाईल तो वाचून पार्स करते. धोका एकच : माहितीत कुठे स्क्रिप्टचा बंद टॅग आला तर तुमचा टॅग तिथेच संपतो. म्हणून ‘लेस दॅन’चं चिन्ह युनिकोड एस्केप करूनच छापा. जँगोचा ‘जेसन स्क्रिप्ट’ फिल्टर हे आपणहून करतो. पीएचपीत ‘जेसन हेक्स टॅग’ हा पर्याय द्यावा लागतो.

मराठी मजकुरासाठी आणखी एक. पीएचपीचं जेसन एनकोड आणि पायथनचं जेसन डम्प्स, दोन्ही मूळ सेटिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह सहा अक्षरी कोडमध्ये बदलतात. यूटीएफ-8 मध्ये तेच चिन्ह तीन बाइटांत मावतं. पीएचपीत ‘जेसन अनएस्केप्ड युनिकोड’ लावा, पायथनमध्ये ‘एन्शुअर आस्की’ फॉल्स करा. मराठी मजकुराचा आकार निम्मा होतो आणि सोर्स डोळ्यांनी वाचताही येतो.

काय तसंच राहू द्यावं

सगळं इनलाइन वाईट, असा सोवळेपणा नको. गडद रंगसंगती निवडणाऱ्याला आधी पांढरं पान चमकून दिसू नये म्हणून डोक्यात ठेवलेल्या चार ओळी तिथेच शोभतात. नॉन्स किंवा हॅश देऊन त्या ठेवा. एकच फाईल म्हणून उतरवून घ्यायचा अहवाल असेल तर त्यातही कोड आतच हवा. आणि एखाद्या पानावर एकच ऑनक्लिक असेल, तर आजच त्याच्या मागे लागू नका.

जुन्या संकेतस्थळावर कामाचा क्रम

सगळ्यात गुंतागुंतीचं पान आधी घेऊ नका. सरळसोट यादीचं एक पान पूर्ण करा, आठवडाभर वापरात ठेवा, मग पुढचं. पण पहिल्या पानाला हात लावण्याआधी ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी रिपोर्ट ओन्ली’ हा हेडर लावा. तो काहीही अडवत नाही. नवा नियम लावला असता तर काय काय बंद पडलं असतं, त्याची फक्त यादी कळवतो. तुम्हाला विसर पडलेली पानं त्या यादीत हमखास सापडतात. यादी रिकामी झाली की खरा हेडर लावा.

कोड बाहेरून लिहून घेतला असेल तर तुमचे हक्क

संस्था, शाळा, दुकानदार यांचा हा नेहमीचा प्रश्न : ‘पैसे आम्ही दिले, मग दुसऱ्याकडून बदलून घेता येईल ना?’ भारतात कॉपीराइट कायदा, 1957 नुसार संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो.

- पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर.
- स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट, नुसतं बिल चुकतं केल्याने तुमच्याकडे येत नाही. त्यासाठी लेखी, सही केलेलं हस्तांतर लागतं.
- त्या हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता.
- कायदेशीररीत्या मिळालेली प्रत ज्या कामासाठी दिली, त्या कामाला वापरण्यासाठी तिच्यात जुळवाजुळव करण्याची आणि बॅकअप ठेवण्याची मुभा कायदा देतो. रकमेचा मामला मोठा असेल तर मात्र वकिलाला करार दाखवा.

इतरांची मुक्त लायब्ररी एकत्र फाईलमध्ये ओतताना तिच्या डोक्यावरची परवान्याची टीप उडवू नका. एमआयटी परवान्याची ती अट आहे, आणि मिनिफाय करणारी साधनं पुष्कळदा टिपा गाळतात. टीप राखण्याचा पर्याय चालू ठेवा.

नवं काम देत असाल तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या : कॉपीराइटचं हस्तांतर मुदत आणि प्रदेशासह, मिनिफाय न केलेला मूळ सोर्स, आणि ‘अनसेफ-इनलाइन’ न देता सगळी पानं चालतील ही अट. शेवटचा हप्ता या तिन्ही गोष्टी हातात आल्यावरच द्या.